उजव्या हाताला थांबायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुम्ही जिममध्ये आम्हाला व्यायाम शिकवता, पण समोर उभी राहून आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, चला पुढचा सेट" म्हणून मोकळ्या होता. म्हणून लिहिते आहे, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

ती आषाढातली संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायचा. २० किलोचा रॉड, दोन्ही बाजूंना ५-५ किलोच्या प्लेटा. सहाव्या रेपला, म्हणजे सहाव्यांदा ढकलताना, माझा उजवा हात सरळ झाला आणि डावा अर्ध्यातच अडला. रॉड कलला. प्लेट सरकू नये म्हणून असतं ते लॉक लावायचा मी कंटाळा केला होता, त्यामुळे डावीकडची प्लेट सरकत सरकत गेली आणि मॅटवर आदळली. क्षणभर वाटलं, चला, वजन कमी झालं, सुटले. कसली सुटतेय! एका बाजूची प्लेट गेली की दुसरी बाजू एकदम जड होते. रॉड उजवीकडे उलटायला लागला, तेवढ्यात तुम्ही डोक्यामागून वाकून तो दोन्ही हातांनी धरलात.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही रॉड रॅकवर ठेवलात आणि विचारलंत, "डावा हात कधी मोडला होता?"

मी जिममध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या ओल्या पायरीवरून घसरले होते, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, हात दुखायचा थांबला, मी विषय संपवला. हाताने मात्र संपवला नव्हता.

मग तुमची चौकशी सुरू झाली. बोटांना मुंग्या येतात का? रात्री दुखतं का? मानेतून कळ खाली जाते का? यातलं एक जरी असतं तर आधी डॉक्टर, मग डंबेल, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. नव्हतं, म्हणून साडेसात किलोचं एक डंबेल हातात दिलंत. उजव्या हाताने ११ रेप झाले, डाव्याने ६, आणि सहावासुद्धा कंबर वाकडी करून. त्याच हातांनी मी दीड महिना ३० किलोची बेंच मारत होते आणि घरी फुशारक्या सांगत होते! रॉड एकच असतो, त्यामुळे जोरदार हात कमजोर हाताचं काम उरकून टाकतो आणि पत्ता लागत नाही. डंबेलला ती सोय नाही, ज्याचं त्याने उचलायचं.

चौदा वर्षं मी चौथीला शिकवते. असा एक मुलगा दर वर्गात असतो. प्रश्न संपायच्या आत हात वर करतो, उत्तर बरोबर देतो, बाईही खूश होतात, आणि मागच्या बाकावरच्यांना तोंड उघडायची वेळच येत नाही. माझा उजवा हात म्हणजे तो मुलगा. फळ्यावर लिहायला तोच, पिशव्या धरायला तोच, रिक्षाला हात करायलाही तोच.

तुमचा नियम ऐकून मला जरा रागच आला होता, आता कबूल करते. सुरुवात डाव्याने. डावा जेवढे काढेल तेवढेच उजव्याने, एकही जास्त नाही. डाव्याचे ६ तर उजव्याचेही ६, मग उजव्यात कितीही दम शिल्लक असो. मला वाटलं, अशाने चांगला हातही वाया जाईल. तुम्ही म्हणालात, कमावलेली ताकद टिकवायला थोडकं काम पुरतं, वाढवायलाच जास्त लागतं. हे खरं निघालं. त्या दिवसांत उजवा काही सुकला नाही.

पण मी तुमचं लगेच कुठे ऐकलं? सकाळच्या बॅचमधल्या एकीने सल्ला दिला, "डाव्याला डबल मार, महिन्यात बरोबरीला येईल." मी तुमच्या नकळत दोन आठवडे डाव्याचे दुप्पट सेट मारले. डावं कोपर असं धरलं की पोळी लाटताना कळ यायची. तुम्ही फक्त मान हलवलीत आणि आठवडाभर डाव्याला हलकं काम दिलंत. डाव्याचा एक जास्तीचा सेट दिलात तो पार नवव्या आठवड्यात, तोही एकच.

वन आर्म रो (वाकून एका हाताने डंबेल वर ओढायचं), डंबेल प्रेस (डंबेल वर ढकलायचं) आणि ते नुसतं एका हातात वजन धरून चालणं! दिसायला किती सोपं. डाव्या हातात १० किलो घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, खांदा पडू द्यायचा नाही, कंबर उजवीकडे झुकवायची नाही. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर मी डाव्या कमरेवर भरलेली कळशी घेतल्यासारखी चालत होते. पोरगी लहान असताना तिला कायम त्याच कमरेवर घ्यायचे, ते आठवलं.

(खडूचा किस्सा लिहू नका म्हणाला होतात, पण लिहिते. पकड घसरते म्हणून तुम्ही खडू आणायला सांगितलात आणि मी शाळेतून पांढऱ्या खडूची पेटी आणली. जिमचा खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, हे मला शिकवावं लागलं. मी विज्ञानसुद्धा शिकवते, ताई.)

पायांचं तर मला काहीच कळलं नसतं. स्क्वॅटमधून, म्हणजे बैठकीतून, वर येताना माझी कंबर उजवीकडे सरकायची. मी ठरवून टाकलं, डावा पाय कमजोर. हाताचं तसं, तर पायाचंही तसंच असणार. तुम्ही पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून मागून शूटिंग घेतलंत, दोनदा बघितलंत आणि मला भिंतीपाशी नेलंत. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल किती मागे नेता येतं ते मोजायचं. उजव्या पायाला अंगठा आणि भिंत यांच्यात पाच बोटं मावली, डाव्याला जेमतेम अडीच. शाळेत खो-खो खेळताना मुरगळलेला घोटा! डावा गुडघा पुढे जात नव्हता, म्हणून सगळा भार उजवीकडे पळत होता. मी डाव्या मांडीला कितीही दामटलं असतं तरी स्क्वॅट वाकडीच राहिली असती. रोज पाच मिनिटं भिंतीपाशी गुडघा पुढे-मागे, आणि तोवर दोन्ही टाचांखाली सव्वा किलोची एकेक प्लेट. पाच आठवड्यांनी चार बोटं मावायला लागली.

आपल्या सांगलीत वेटलिफ्टिंग म्हटलं की संकेत सरगर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण एका किलोने हुकलं. उजव्या कोपराला दुखापत झालेली असताना तो पदक घ्यायला उभा होता. तो फोटो मी वर्गात दाखवला होता. हे काम तसल्या पोरांचं, असंच तेव्हा मला वाटायचं. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला कुणी इतक्या बारकाईने बघेल, हे डोक्यातही नव्हतं.

आता एक घरचं. गेल्या महिन्यात आईचा उजवा हात मोडला. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना विचारून मोकळ्या हाताने बॉल दाबायला लावा, बांधलेल्या हाताची ताकद त्यामुळे जरा कमी उतरते. मला ही तुमची थाप वाटली. शोधलं तर १८९४ सालची गोष्ट निघाली: अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं, की सराव एका हाताचा केला तरी दुसऱ्या हाताची ताकदही वाढते. वाढ थोडीच असते, पण असते, कारण शिकतो तो मेंदू. डॉक्टर हो म्हणाले. आई आता दुपारी मालिका बघत डाव्या हाताने स्माइली बॉल दाबते, मोठ्याने मोजते आणि तीसनंतर हमखास चुकते.

माझं म्हणाल तर काल १० किलोला उजव्याचे १०, डाव्याचे ९. तो एक रेप तसाच राहू दे म्हणालात, कुणाच्याच दोन बाजू अगदी सारख्या नसतात. बेंच ३५ किलो, रॉड सरळ.

आणि हो, त्या आषाढातल्या संध्याकाळी गडबडीत रॉडचं एक लॉक माझ्या पिशवीतून घरी आलं. सोमवारी आणते. तुम्ही ते चार महिने शोधत होतात, मला माहीत आहे.

तुमची,
संध्याकाळच्या बॅचमधल्या बाई