निर्वाचक मंडळ साध्या कायद्याने हटणार नाही

अमेरिकेचा अध्यक्ष औपचारिकरीत्या निवडणारे राज्याराज्यांतील प्रतिनिधींचे निर्वाचक मंडळ तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून रद्द करावे, ही आपल्या अंकातील लेखातली सूचना पटली नाही. हे मंडळ खुद्द संविधानाच्या दुसऱ्या कलमात आहे. ते हटवायचे तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. म्हणजे १३ राज्ये अडून बसली की सगळेच बारगळले. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने अध्यक्षाच्या थेट निवडणुकीची संविधान दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती. पण १९७० मध्ये सिनेटमधील विरोधकांनी चर्चा संपूच दिली नाही. चर्चा थांबवण्याच्या पहिल्या प्रस्तावाला ५४ विरुद्ध ३६ मते पडली. त्यासाठी तेव्हा लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला सहा कमी! दुसरा प्रयत्नही फसला आणि मूळ दुरुस्तीवर मतदान झालेच नाही. लेखात या प्रसंगाचा उल्लेखही नसावा, हे खटकते.

– एक वाचक