फ्रीमाँटच्या ग्रंथपालताईंना

नमस्कार ताई,

तुम्हाला मराठी येत नाही. लेक हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवणारच आहे, पण आभार मला चार मराठी माणसांच्या देखत मानायचे होते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला लेकीकडे आल्यावर स्टीव्हन्सन बुलेव्हार्डवरची तुमची इमारत आधी गाठली. कुणी अडवेल म्हणून पासपोर्ट पिशवीत घेतला होता. कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही याच कामातली, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर तुम्ही काउंटर सोडून माझ्याबरोबर निघालात.

कागदावर रेघा ओढून तुम्ही समजावलंत: अलमेडा काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, हे ग्रंथालय 1910 पासूनचं. ओकलंड, बर्कली, हेवर्ड यांचा कारभार वेगळा. फ्रीमाँट, नेवार्क, युनियन सिटी, डब्लिन, अल्बनी तुमच्याकडे. शिवाय कॅस्ट्रो व्हॅली, सॅन लोरेंझो अशा स्वतःची नगरपालिकाच नसलेल्या वस्त्याही तुमच्याच. हे मला सगळ्यात भावलं. हद्दीबाहेरच्या वाडीला आधी पाणी, मग रस्ता आणि पुस्तकं जमलं तर, हेच मी आयुष्यभर पाहिलं. फ्रीमाँट तर 1956 साली पाच गावं एकत्र येऊन झालेलं. तरी नाइल्स आणि सेंटरव्हिलची छोटी वाचनालयं अजून आहेत. सेंटरव्हिलला अफगाण दुकानांवरून जाताना वाटलं, इथे येणारा वाचक कुठकुठून येत असेल!

पैसा कुठून येतो, हा माझा जुना रोग. मुख्यतः मालमत्ता करातून, म्हणालात. आमच्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान. तुमचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

उशिराचा दंड नाही हे कळल्यावर मात्र मी तुमच्याशी भांडलेच. पुस्तक हरवलं तर भरपाई, पण उशीर माफ! दंडाच्या धास्तीने गरीब माणूस पुस्तक परत करायलाही फिरकत नाही, हे तुमचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. तरी माझ्यातली कारकून अजून कुरकुरते.

आणि तो उद्यानांचा पास! लेकीच्या कार्डावर तो पुस्तकासारखा घरी न्यायचा, राज्य उद्यानात गाडी नेताना दाखवायचा आणि मुदतीत परत करायचा. जावईबापू एवढी वर्षं इथे राहून त्यांना ठाऊक नव्हतं. तुमच्यामुळे घरात माझा भाव वधारला.

मराठी पुस्तकं हवी असतील तर नावं सुचवा, असं तुम्ही म्हणाला होतात. यादी करायला बसले आहे. जरा लांबते आहे. कात्री तुम्हीच लावा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी
(सध्या मुक्काम फ्रीमाँट)