नातवाच्या कामाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. दादाच्या मुलाने बारावी संपण्याची वाट न पाहता आतापासूनच संध्याकाळचे अर्धवेळ काम धरावे, असा तुमचा आग्रह आहे आणि त्यासाठी तुम्ही दाखला माझा दिला आहे. मी सोळाव्या वर्षी दुकानात कामाला लागले म्हणून आज स्वतःचा व्यवसाय चालवते, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना इतक्यांदा सांगितले आहे की मलाही ते पटू लागले होते. परंतु त्या वाक्याच्या भरवशावर एका मुलाच्या संध्याकाळी खर्ची पडणार असतील, तर ते कितपत खरे आहे हे मीच सांगितलेले बरे.

त्या दुकानात पहिले तीन महिने मी फक्त खोकी उघडली आणि माल फळ्यांवर लावला. तेवढ्यावरच ते काम संपले असते तर पाठदुखीखेरीज काही पदरात पडले नसते. एके दिवशी मालकांची तब्येत बरी नव्हती, म्हणून दुकान बंद करताना त्यांनी मला गल्ला मोजायला बसवले. बिलांची बेरीज आणि गल्ल्यातली रक्कम जुळेना. मी चार वेळा नोटा मोजल्या, घामाघूम झाले, आणि तासाभराने लक्षात आले की दुपारी एका गिऱ्हाईकाने परत केलेल्या मालाचे पैसे मीच दिले होते, पण बिल रद्द करायचे राहून गेले होते. तेव्हापासून रोजचा हिशेब माझ्याकडे आला आणि त्याबरोबर उधारीची वहीही आली. दुकानात दिवसभर गर्दी असे, तरी ठोक व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला आला की मालक त्याला पुढच्या आठवड्यावर ढकलत. विक्री होऊनही पैसे का नाहीत, हे कोडे मला त्या वहीने उलगडून दाखवले: निम्मी रक्कम लोकांकडे अडकलेली होती आणि उरलेल्यातली बरीचशी मागच्या फळीवर न खपलेल्या मालाच्या रूपाने धूळ खात होती. पुढे माझ्या स्वतःच्या व्यवसायात पहिल्याच वर्षी सीएंनी ताळेबंदात नफा दाखवला आणि त्याच आठवड्यात पगार द्यायला खात्यात पैसे नव्हते. माझ्या भागीदाराला वाटले की सीएंचेच काहीतरी चुकले आहे. मी मात्र निमूटपणे येणी वसूल करायला बसले.

दुसरे काम तुम्ही कोणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही नाही. एका कार्यालयात मी चार महिने पाकिटांवर पत्ते लिहिले. वेळेवर पोहोचण्याची सवय लागली, हे खरे, पण ती शाळेनेही लावलीच होती. शेवटच्या महिन्याचे पैसे त्यांनी बुडवले आणि मागण्याचा धीर मला झाला नाही. (व्यवहार ठरताना अटी लिहून घेण्याची माझी खोड तिथूनच आली असावी, पण त्यासाठी चार महिने फारच झाले.)

तुम्ही अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांचेही उदाहरण दिले आहे. ते लहानपणी वर्तमानपत्रे टाकत आणि तेराव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी पहिले प्राप्तिकर विवरणपत्र भरताना आपली सायकल धंद्याचा खर्च म्हणून दाखवली होती, हे खरेच आहे. मात्र त्यांचे वडील शेअर दलाल होते आणि तोवर अमेरिकी संसदेत निवडूनही गेले होते, तेव्हा पैशाची भाषा त्या मुलाच्या कानावर घरातच पडत होती. डेल या संगणक कंपनीचे संस्थापक मायकेल डेल यांची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. सोळाव्या वर्षी ते फोनवरून वर्तमानपत्राचे वर्गणीदार मिळवत असत. नव्याने लग्न झालेले आणि नव्या घरात राहायला गेलेले लोक चटकन वर्गणी भरतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि मग विवाह परवान्यासाठी अर्ज केलेल्यांची नावे त्यांनी न्यायालयांतून मिळवली. तेच काम करणाऱ्या इतर मुलांनीही तसेच फोन फिरवले असतील, पण त्यांच्याविषयी आपण काही वाचत नाही. यशस्वी झालेल्यांचेच बालपण लिहिले जाते, त्यामुळे लवकर काम केले म्हणून यश आले असा समज सहज होतो.

आई, कामापायी त्याचा अभ्यास मागे पडेल ही तुझी भीती मला बाबांच्या अभिमानापेक्षा जास्त रास्त वाटते. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत आठवड्याला २० तासांचा आकडा वारंवार येतो: त्याहून अधिक काम करणारी शाळकरी मुले अभ्यासात मागे पडलेली दिसतात. अर्थात ज्यांचे मन अभ्यासातून आधीच उडालेले असते तीच मुले जास्त तास काम धरत असतील, हेही शक्य आहे. माझ्यापुरते सांगायचे तर सणासुदीच्या हंगामात मी रोज दुकानात थांबत होते आणि त्या सत्रात गणितात जेमतेम उत्तीर्ण झाले. ते प्रगतिपुस्तक तुला तीन आठवडे उशिरा का मिळाले, ते आज कळले असेल.

म्हणून बाबा, तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या गोदामात त्याला डबे मोजायला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे गिऱ्हाईकाशी बोलावे लागेल किंवा हिशेबाची वही उघडायला मिळेल असे काम असेल, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि परीक्षेच्या दोन महिने आधीपर्यंत त्याने ते जरूर करावे. पैसे किती आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे आधी कागदावर असावे. शिवाय त्याला व्यवसायात पडायचे आहे की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मी रविवारी त्याच्याशी फोनवर बोलणार आहे. तोपर्यंत त्या गृहस्थांना होकार कळवू नका, ही विनंती.

तुमची,
मोठी लेक