काकानू, तुमच्या त्या ‘मगे?’साठी

काकानू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देवगडजवळच्या कुणकेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर समुद्राकडे तोंड करून तुम्ही बसला होतात आणि शेजारी येऊन टेकली ती माझी ८२ वर्षांची आई. एवढ्या खुणेवर हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं.

आईला सकाळचं दुपारी आठवत नाही, पण कुणकेश्वराची गोष्ट आठवते. वादळात सापडलेला परदेशी व्यापारी, लांब किनाऱ्यावर मिणमिणणारा दिवा, ‘वाचलो तर देऊळ बांधीन’ हा नवस. देऊळ उभं राहिलं, पण परधर्माचं देऊळ बांधलं म्हणून आता आपली माणसं आपल्याला घेणार नाहीत, या धास्तीने त्याने शिखरावरूनच उडी टाकली. त्याचं म्हणून दाखवतात ते थडगं देवळाजवळच आहे. दुसरी कथा गाईची. ती एका दगडावर पान्हा सोडायची, मालकाने रागाने दगडावर घाव घातला तर त्यातून रक्त आलं. आईच्या डोक्यात दोन्ही कथा मिसळल्यात. तिची गाय हल्ली थेट गलबतावर चढते.

गेल्या वर्षी आम्ही एका सहलीबरोबर आलो होतो. आईने तोंड उघडताच गाइड म्हणाला, “आजी, या दंतकथा झाल्या. माहिती मी देतो.” मग कणकाच्या, म्हणजे बांबूच्या, राईवरून पडलेलं नाव, दक्षिण कोकणची काशी, १९२० साली सापडलेली गुहा आणि तिच्यातले दगडी मुखवटे, सगळं एका दमात. चुकीचं काहीच नव्हतं. पण परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही. आणि मी तरी कुठली शहाणी? घरी रोज मीच टोकायचे, “आई, त्या गोष्टीत गाय नाही.”

या वेळी तुम्ही भेटलात. तुम्ही तिथलेच. ही गोष्ट तुमच्या अंगणातली. गाय गलबतावर चढली तशी मी तिला दुरुस्त करायला सरसावले. तेवढ्यात तुम्ही डोक्याचा टॉवेल कानावरून वर सारलात, तिच्याकडे वळलात आणि विचारलंत, “मगे?”

बस, एवढंच. पन्नास वर्षं मुंबईचं मराठी बोलणारी माझी आई एकदम मालवणीत सुरू झाली. किनाऱ्यावरचा दिवा म्हणे आधी गाईलाच दिसला! गोष्ट संपली, ती विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तुम्ही पुन्हा “मगे?” तिसऱ्यांदासुद्धा तुमच्या आवाजात तीच उत्सुकता होती. ते नाटक असेल तर असं नाटक मलाही जमू दे, असं मी त्या देवाला सांगून आले. म्हाताऱ्या माणसाला औषध देणारे, हात धरून चालवणारे भेटतात हो. तिची गोष्ट पुढे ऐकायची आहे म्हणणारा मला पहिल्यांदा भेटला.

ओहोटी लागली होती. खडकातली शिवलिंगं उघडी पडली होती, ती बघायला मी मुद्दाम वेळ काढून आले होते. गेले नाही. तुमच्या मागच्या पायरीवर बसून राहिले.

आता घरी ती सुरू झाली की मीही “मगे?” म्हणते. माझी मालवणी कच्ची, ती हसते. परवा गाय शिखरापर्यंत पोचली, त्या व्यापाऱ्याला खाली उतरवायला. तो उतरला की नाही, ते महाशिवरात्रीच्या जत्रेला आलो की तिच्याच तोंडून ऐका.

तुमच्या शेजारी टेकलेल्या बाईंची मुलगी