विषय : नवीन टचस्क्रीन फोनवर कॉल घेताना आणि बोलताना येणाऱ्या अडचणींबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा नवीन टचस्क्रीन फोन मी दीड महिन्यापासून वापरते आहे. त्याचा कॅमेरा चांगला आहे, बॅटरीही दिवसभर पुरते. तक्रार आहे ती फोन म्हणून त्याचा जो उपयोग व्हायला हवा, त्याबद्दल.

मी शिवणकाम करते. कॉल येतो तेव्हा एक हात बहुतेक वेळा मशीनवरच्या कापडावर असतो. तुमच्या फोनवर कॉल घ्यायचा तर हिरवं चिन्ह दाबून चालत नाही, बोट टेकवून वर सरकवावं लागतं. सुई-कात्रीने माझ्या बोटांना घट्टे पडलेत, कातडी कोरडी आहे. बोट सरकवते, चिन्ह थोडं हलतं आणि पुन्हा खाली येऊन बसतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जरा जोर लावला की बोट तिरकं जातं आणि कॉल कट होतो. समोरच्याला वाटतं मी मुद्दाम कापला. गेल्या आठवड्यात एका जुन्या ग्राहक बाईंनी तसं बोलूनही दाखवलं. मला फार वाईट वाटलं.

कॉल लागला तरी सुटका नाही. फोन कानाला लावला की पडदा काळा व्हायला हवा, त्यासाठी वर सेन्सर दिलेला असतो. माझ्या फोनचा पडदा बोलता बोलता मध्येच उजळतो आणि गालाने म्यूटचं बटण दाबलं जातं. मी मापं सांगत राहते, पलीकडून नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकू येतं. काचेवरची फिल्म काढून पाहिली, वरचा भाग मऊ कापडाने पुसला, काही फरक पडला नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये तर आधी "अपडेट करून बघा" म्हणाले, मग सगळं पुसून फोन नव्यासारखा करून दिला. माझे अलार्म आणि मोठी करून ठेवलेली अक्षरं गेली, तक्रार जिथल्या तिथे राहिली.

अक्षरांचंही सांगते. चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून मी अक्षरं मोठी केली, भाषा मराठी ठेवली. आता कॉलच्या बटणाखाली "स्वीका…" एवढंच दिसतं, पुढचं कापलं जातं. काही ठिकाणी वरच्या वेलांट्या आणि मात्राही अर्ध्या छाटलेल्या असतात. मराठी भाषा देताना मोठ्या अक्षरात ती कशी दिसते हे कुणीतरी एकदा बघायला हवं होतं.

माझ्या मुलीने मला दाखवलं की अँड्रॉइडच्याच मार्गदर्शनात बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी असं सांगितलं आहे. मी टेप लावून मोजलं. चालू कॉलमधली म्यूट, होल्ड ही बटणं जेमतेम ६ मिलिमीटरची भरली आणि एकमेकांना खेटून आहेत. कपड्यावर काजं इतकी जवळ घेतली तर गिऱ्हाईक ते परत आणून देईल, आणि ते बरोबरच असेल.

कोरड्या बोटाचं कारणही मला समजलं आहे. बोट टेकल्यावर काचेतल्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल फोन ओळखतो, आणि कोरड्या, जाड कातडीने तो बदल कमी पडतो. पण अशी बोटं काही माझ्या एकटीची नाहीत. शेतात राबणारे, भांडी घासणारे, गवंडीकाम करणारे, वय झालेले, सगळ्यांची अशीच असतात. माझ्या जुन्या बटणाच्या फोनवर ५ च्या आकड्यावर बारीक उंचवटा होता. कापडावरची नजर न हलवता मी नंबर लावायचे.

माझ्या मागण्या अशा आहेत. सदोष सेन्सर वॉरंटीत बदलून द्यावा, ते शक्य नसेल तर फोन बदलून द्यावा. कॉल नुसतं दाबून घेण्याची सोय पुढच्या अपडेटमध्ये द्यावी आणि ती सेटिंगमध्ये खोल दडवून ठेवू नये. कॉलमधली बटणं मोठी आणि सुटी करावीत, मराठी अक्षरं कापली जाणार नाहीत असं बघावं.

खरेदीच्या पावतीची आणि सर्व्हिस सेंटरच्या दोन्ही नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी मिळावं ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)