प्रत्यारोपण झालेल्या पेशंटला जिल्ह्यात वाली कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

3 ऑगस्टचा अवयवदान दिन जवळ आला की आपल्याकडच्या सगळ्याच दैनिकांत या विषयावर भरभरून छापून येतं. पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिलेली अॅम्ब्युलन्स, फुलं वाहून निरोप दिलेला दाता, रांगेत उभं राहून फॉर्म भरणारी कॉलेजची पोरं. 1994 साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये मेंदूमृत दात्याचं हृदय देशात पहिल्यांदा यशस्वीपणे बसवलं गेलं, आणि मानवी अवयव प्रत्यारोपण कायदाही त्याच वर्षीचा. हे छापून यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला अवयव मिळाला तो माणूस त्यानंतर वर्षानुवर्षं जगतो. आणि जगणाऱ्या माणसाला हर्निया होतो, पित्ताशयात खडे होतात, मोटरसायकलवरून पडून पाय मोडतो. माझ्यासारख्या किडनी बसवलेल्यांत तर मोतीबिंदू लवकर येतो आणि खुब्याचं हाड खराब व्हायचं प्रमाणही जास्त, कारण रोजच्या गोळ्यांत स्टेरॉइड असतं. अशा साध्या ऑपरेशनला मराठवाड्यात आम्हाला दाखल कोण करून घेतं, यावर मी तरी आजवर एक ओळ वाचलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी परभणीचा. काही वर्षांपूर्वी आईची किडनी मला बसवली, ऑपरेशन पुण्याला झालं. किडनी उत्तम चालते, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) 1.3 च्या आसपास असतं, दुकान सांभाळतो, लग्नकार्याला जातो. अलीकडे उजव्या जांघेत गाठ आली. खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. हर्निया. कुठल्याही तालुक्याच्या गावी होणारं ऑपरेशन. शेजारचे गृहस्थ दाखल झाले आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन चहा पीत बसले.

माझ्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मलाही कळतं. नवीन किडनी कमरेमागे, जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या भागात, बहुतेकदा उजवीकडे बसवतात आणि तिची लघवीची नळी मूत्राशयाला जोडतात. म्हणजे माझी गाठ जिथं आहे, तिच्या मागंच आईची किडनी. दुर्बिणीतून हर्नियाची जाळी लावायची जागा नेमकी तीच, म्हणून अशा पेशंटला शक्यतो पुढून, उघड्या पद्धतीनं जाळी लावतात. सर्जनला नळीचं भान ठेवावं लागतं. पण यातलं काहीही अशक्य कोटीतलं नाही. किडनी स्थिर असेल आणि आधी नीट आखणी झाली असेल, तर प्रत्यारोपण झालेल्या पेशंटची अशी ऑपरेशनं होतात.

आता अनुभव सांगतो. नाही म्हणून कोणी म्हणत नाही. सगळे पुढं पाठवतात. परभणीतल्या सर्जननी तपासलं, फार चांगलं बोलले, आणि लिहून दिलं: उच्च केंद्रात न्यावे. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या खासगी दवाखान्यात सर्जन तयार झाले, तर भूलतज्ज्ञांनी किडनीच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांचं म्हणणं, प्रत्यारोपण आमच्याकडचं नाही, जिथं झालं तिथून लेखी आणा. पुण्याला फोन केला तर ज्यांनी माझं सगळं केलं ते डॉक्टर दुसरीकडे गेलेले. नवीन डॉक्टर म्हणाले, हर्निया तर आहे, तिकडेच करून घ्या ना, इतक्या लांब कशाला येता. तेवढं वाक्य कागदावर द्या म्हटलं तर फाईल घेऊन समक्ष या. परभणीहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. फाईल म्हणजे आता दोन पिशव्या आहेत. आई परवा म्हणाली, "किडनी देताना इतके कागद लागले नव्हते रे, जितके ह्या गाठीला लागायलेत." तिला ती अधिकृत मंजुरी, नात्याचे पुरावे, समितीपुढची मुलाखत सगळं आठवतं, तरी म्हणाली.

कसंबसं एका ठिकाणी तारीख मिळाली, दाखलही झालो. आदल्या रात्री फाईलवर शेरा: मध्यरात्रीनंतर तोंडानं काहीही नाही. सकाळी सिस्टरनी माझ्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या ताटलीतून उचलून बाजूला ठेवल्या. ही गोळी म्हणजे शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून बारा-बारा तासांनी घ्यायचं औषध. ते घोटभर पाण्यासोबत द्यायचं की दुसऱ्या मार्गानं, हे आधी ठरवून लिहिलेलं असावं लागतं, चुकवून चालत नाही. मी हे सांगायला लागलो तर, "काका, डॉक्टर सांगतील ते होईल." मग बीपी बघायला आलेल्या मुलीनं पट्टा डाव्या हाताला गुंडाळायला घेतला. त्या हाताला डायलिसिसच्या काळातला फिश्चुला, म्हणजे ऑपरेशननं धमनीला जोडलेली शीर आहे, त्यावर पट्टा बांधत नाहीत की सुई टोचत नाहीत. मी तिचा हात धरून माझ्या मनगटावर ठेवला, म्हटलं बघ कशी थरथर लागते. बिचारी दचकली, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दुपारी भूलतज्ज्ञ आले, फाईल चाळली आणि टॅक्रो लेव्हलचा, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या पातळीचा, ताजा रिपोर्ट नाही म्हणून केस पुढं ढकलली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढावं लागतं. आमच्याकडून ते नमुने बाहेरच्या शहरातल्या लॅबला जातात, रिपोर्ट यायला वेळ लागतो. हे दाखल करायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर?

विम्याचं तर विचारूच नका. कॅशलेससाठी कागद गेले आणि टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं कागद तपासणाऱ्या संस्थेचा, प्रश्न आला: हा हर्निया प्रत्यारोपणामुळे झाला आहे का, डॉक्टरांकडून लिहून आणा. सर्जननी लिहिलं, नक्की सांगता येत नाही. यावर पुन्हा प्रश्न, पुन्हा कागद. स्टेरॉइडनं पोटाची भिंत कमजोर होऊ शकते हे खरं, आणि शेजाऱ्यांनी आयुष्यात स्टेरॉइड घेतलं नाही तरी त्यांना हर्निया झाला हेही खरं.

डॉक्टरांवर आगपाखड करायला मी हे लिहीत नाही. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री किडनीचा डॉक्टर नसतो, आयसीयू नसतं. काही बरंवाईट झालं तर नातेवाईक काचा फोडायला कमी करत नाहीत, मग आईनं दिलेली किडनी गमावली म्हणून कोर्टकचेरी. त्यांनी का अंगावर घ्यावं? त्यात आमच्या औषधांचा गुंता. ऑपरेशननंतर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किडनीला घातक. जेंटामायसिन, अॅमिकासिन ही अँटिबायोटिक्स तशीच. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी रक्तात चढते, रिफाम्पिसिन दिलं तर कोसळते. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याला ऑपरेशनच्या वेळी जादा स्टेरॉइड लागू शकतं. काही पेशंटना किडनी झिडकारली जाऊ नये म्हणून सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असतं, त्यानं जखम लवकर भरत नाही, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी ते बदलायचं का हे बघावं लागतं. हे सगळं तालुक्याच्या सर्जनला तोंडपाठ असावं ही अपेक्षा वेडेपणाची. पण ते एका पानावर मावतं! ते पान लिहून देणं हे प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राचं काम आहे, आणि सगळं तिथंच अडतं.

माझं मागणं एवढंच आहे की प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक केंद्राला असं पान देणं सक्तीचं करावं. डिस्चार्जच्या वेळीच द्यावं, दरवर्षी नवं करावं: किडनी कुठल्या बाजूला, नेहमीचं क्रिएटिनिन किती, कोणती गोळी कधीही बंद करायची नाही, कोणती औषधं वर्ज्य, कोणत्या हाताला सुई नको. खाली फोन नंबर, आणि तो डॉक्टरांचा नको, केंद्राचा हवा. डॉक्टर नोकरी बदलतात.

दुसरं काम शासनाचं. छत्रपती संभाजीनगरला घाटीत, लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आता परभणीतही आहे. सगळीकडे प्रत्यारोपण सुरू करा असं कोण म्हणतंय? प्रत्येक ठिकाणी एक फिजिशियन आणि एक भूलतज्ज्ञ नेमून द्या, ज्यांनी आमच्यासारख्यांची फाईल आधी बघायची आणि सर्जनला हो किंवा नाही स्पष्ट सांगायचं. टॅक्रोलिमसची तपासणी निदान घाटीत रोज व्हावी आणि जिल्ह्यांतून नमुने तिथं जावेत. अवयव वाटपासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आहेत. आपल्या केंद्रानं मराठवाड्यात राहणाऱ्या, मग प्रत्यारोपण पुण्याला झालेलं असो की हैदराबादला, सगळ्या पेशंटची जिल्हावार यादी केली तर निदान आम्ही किती आहोत ते तरी समजेल. नांदेडकडचे बरेच लोक हैदराबादला जातात, ते आपल्याकडच्या कुठल्या कागदावर येत असतील असं मला वाटत नाही.

हर्नियाची गाठ कधी अडकते हे सांगून येत नाही. अडकली तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऑपरेशन काही तासांतच व्हावं लागतं. तेव्हा पत्र, लेव्हल आणि टीपीए यांची वाट बघता येणार नाही. रात्री दोन वाजता परभणीत, हिंगोलीत किंवा गंगाखेडला असं झालं तर आमच्यासारख्या पेशंटला कुठं न्यायचं आणि कोणाला फोन करायचा, एवढं तरी प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकांनी जाहीर करावं. आपण त्यांना हे विचारावं आणि जो नंबर मिळेल तो छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी
(नाव व पत्ता संपादकांकडे)