पिल्लांच्या जाहिरातीत एक रकाना वाढवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर कुत्र्याच्या पिल्लांच्या नऊ जाहिराती होत्या. मोजायची सवय आहे. एकतीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली. नवांपैकी पाचांत ‘पेपरसह’ (म्हणजे वंशावळीच्या दाखल्यासह) होतं, तिघांत ‘इम्पोर्टेड लाइन’, एकीत ‘बाप चॅम्पियन’. फोन नंबर नवांच्या नवांत. पिल्लांच्या आईबद्दल मात्र कुठेच अवाक्षर नाही, आणि विकणाऱ्याचा राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक तर कुणाच्या गावीही नाही.

हा क्रमांक असल्याशिवाय आपण अशी जाहिरात घेऊ नये, एवढंच सांगायचं आहे. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

बारा-तेरा वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात वाचून आम्ही बंड्याला आणलं. लॅब्रॉडॉर, पिवळट रंगाचा, पेपरवाला. एका गृहस्थांनी रस्त्याकडेला गाडीची डिकी उघडून तो आमच्या हातात दिला. ‘घर लांब आहे, तुम्हाला कशाला त्रास,’ म्हणाले, आणि आम्हाला ते सौजन्य वाटलं. महिनाभरात पेपर आले. अगदी खरे होते. तीन पिढ्यांची नावं, काहींच्या नावाला पदव्या लावलेल्या. माझ्या स्वतःच्या पणजोबांचं नाव मला सांगता येत नाही, बंड्याच्या पणजोबांचं पाठ होतं.

सात-आठ महिन्यांचा झाल्यावर तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागला, सशासारखे. आम्ही हसायचो. पाहुण्यांना मुद्दाम पळवून दाखवायचो. फरशीवरून उठताना आधी पुढच्या पायांवर सगळं अंग ओढून घ्यायचा, तेही आम्हाला आळसाचं लक्षण वाटायचं. मग डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीवर धरला आणि दाखवलं: खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसतच नाही. हिप डिस्प्लेशिया. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हा दोष बराचसा रक्तातून येतो. वाढीच्या वयातलं जादा वजन त्यात भर घालतं. म्हणून जो ब्रीडर नीट काम करतो तो जोडी लावण्याआधी नर-मादी दोघांच्या खुब्याचे एक्स-रे काढून घेतो. अमेरिकेत तर कुत्रं दोन वर्षांचं झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दाखला देत नाहीत. बंड्याच्या पेपरवर पूर्वज भरपूर होते, त्यांच्यापैकी एकाच्याही खुब्याची नोंद नव्हती.

यात केनेल क्लबांना, म्हणजे हे पेपर देणाऱ्या संस्थांना, दोष देऊन उपयोग नाही. इंग्लंडात १८७३ साली पहिला केनेल क्लब निघाला तेव्हापासून त्यांच्या वहीचं काम वंशावळ लिहिण्याचं आहे, आणि ते त्या करतात. पेडिग्री हा जातीचा दाखला. तो तब्येतीचा दाखला नव्हे, आणि आईला कसं ठेवलं होतं याचा तर नव्हेच. आपण तिन्ही एकच समजतो, आणि विकणाऱ्यालाही ते सोयीचंच पडतं.

बंड्या गेल्यावर वर्षभराने ठकी आली. म्हणजे एका पहाटे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या फाटकाला नायलॉनच्या दोरीने बांधलेली सापडली. तीही लॅब्रॉडॉरच. दातांवरून सहा-सात वर्षांची. सड लोंबलेले. दोन्ही कोपरांवर काळे, जाड घट्टे, टायरचा तुकडा चिकटवावा तसे. कडक जमिनीवर वर्षानुवर्षं बसून-उठून असे होतात. पोटाचे केस काढल्यावर टाक्यांची रेघ दिसली, आणि तिच्या शेजारी दुसरी. सिझेरियन, तेही एकदाच नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आणली तर जिना म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या पायरीपाशी थांबून ती भिंतीकडे बघत बसली. गवतावर पाय ठेवला आणि पोळल्यासारखा उचलून घेतला. नाव आमच्या हिने ठेवलं.

दवाखान्यात तिच्या खांद्यांच्या मधे स्कॅनर फिरवला तेव्हा ‘पीप’ झालं. चिप होती! तांदळाच्या दाण्याएवढी नळी. आत बॅटरी नसते, स्कॅनर जवळ आला की तेवढ्यापुरता आपला पंधरा आकडी नंबर सांगते. मी तो दोनदा लिहून घेतला. मला वाटलं, सापडला मालक. चिप विकणाऱ्यांना फोन केला, त्यांनी वितरकाचा नंबर दिला. वितरक म्हणाला, आम्ही डबे विकतो, पुढे कुणी कुठल्या कुत्र्याला टोचली ते आम्ही कुठे लिहून ठेवणार? आमच्या टेबलावर असला कागद आला असता तर मी ‘मागील संदर्भ जोडावा’ असा शेरा मारून परत केला असता. जावक क्रमांक आहे आणि जावक रजिस्टर नाही, असला प्रकार.

तिची गर्भपिशवी काढून टाकायची ठरली होती, पण माज नुकताच होऊन गेलेला दिसत होता म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दीडेक महिन्याने ठकीने हिची लोकरीची टोपी पळवून पलंगाखाली नेली आणि चाटत बसली. दुसऱ्या दिवशी माझा मोजा गेला. मग त्याचा जोडीदार. खायला बाहेर येईना, सडांत दूध उतरलं. याला खोटी गाभण म्हणतात. पोटात काही नसतानाही शरीर आपलं दिवस भरून घेतं. माद्यांत हे नेहमीचं आहे आणि बहुधा आपोआप ओसरतं. सगळं समजलं. पण टोपी काढून घ्यायला मी पलंगाखाली हात घातला तेव्हा ती गुरगुरली नाही. चटकन बाजूला सरकली. तिन्ही वस्तूंपासून लांब होऊन मला जागा करून दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. हात आत येतो तो न्यायलाच येतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

टोपी तिथेच ठेवली. त्या रात्री मी हॉलमध्ये झोपलो.

मग नियम काढून वाचले. निवृत्त कारकुनाला दुसरं काय सुचणार! प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, आणि त्याच्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे स्वतंत्र नियम केले आहेत. वाचून मी चाट पडलो, कारण नियम चांगले आहेत. पिल्लं काढून विकायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, ती दोन वर्षांपुरती. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिला लावायचं नाही, आठ वर्षांनंतर लावायचं नाही. वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही, लागोपाठ दोन माजांपलीकडे नाही, आणि जन्मभरात पाच वेतांच्या वर नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. चिप टोचायची, नोंदी ठेवायच्या. बंड्या आमच्याकडे आला तेव्हा, डॉक्टरांच्या अंदाजाने, पाच आठवड्यांचा होता. तेव्हा हे नियम नव्हते. ठकीच्या वेळी होते. ती किती वेळा व्याली हे तिला विचारता येत नाही आणि तिच्या वहीचा पत्ता नाही.

बरं, ‘ब्रीडर’ म्हणजे फक्त मोठी पिंजरेवाली मंडळी नव्हेत. जातिवंत कुत्री पाळून पिल्लं काढून विकणारी एकटी व्यक्तीही नियमांत ब्रीडरच आहे. ‘घरचीच आहेत हो, हौसेची’ असं म्हणून सुटका नाही. जाता जाता आणखी एक: ‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं,’ हे जे शेजारीपाजारी सांगतात, ते सगळ्या पशुवैद्यांनी एकदा जाहीरपणे खोडून काढावं. वेळेवर गर्भपिशवी काढली तर उतारवयात पिशवीत पू होऊन जिवावर बेतण्याचा धोका टळतो. एका वेताने तो टळत नाही.

नियम मोडला तर काय? नियमभंगाला जास्तीत जास्त १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि मूळ कायद्यात प्राण्याचा छळ केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये. आकडे चुकलेले नाहीत, जुन्या काळचे आहेत. इतक्या वर्षांत आमच्या ऑफिसातल्या झेरॉक्सचा दर किती वेळा बदलला असेल.

दंड वाढायचा तेव्हा वाढेल. पण तपासणीला दंड लागत नाही, ताळा लागतो. मंडळाच्या तपासनीसाने पिंजरे किती स्वच्छ आहेत एवढंच बघून येऊ नये. येणार म्हटल्यावर फरशी कुणीही धुऊन ठेवतो. त्याने वही मागावी. लॅब्रॉडॉरच्या एका वेताला साधारण सात-आठ पिल्लं. ज्याने वर्षात शंभर पिल्लं विकली त्याच्याकडे वर्षाला एक वेत या हिशेबाने तेरा-चौदा माद्या असल्याच पाहिजेत. नावानिशी, चिप नंबरानिशी दाखव म्हणावं. पाचच निघाल्या तर उरलेली पिल्लं एकतर बाहेरून आणून विकली किंवा त्या पाचांना पिळून काढली. गाभणपण त्रेसष्ट दिवसांचं असतं, त्यात कुणाला हातचलाखी करता येत नाही. हे पाचवीतलं गणित आहे. निवृत्त लेखापालांची या कामाला मदत घेतली तरी चालेल, मी पहिला अर्ज करतो.

सगळेच ब्रीडर तसले नाहीत हेही लिहायला हवं. बंड्यानंतर पुन्हा कुत्रं आणावं का, या विचारात असताना मी एका बाईंकडे गेलो होतो. तीन माद्या, तिन्ही घरात वावरणाऱ्या. एक सोफ्यावर पसरली होती, तिला उठवून मला बसायला सांगावं असं त्यांना वाटलंही नाही. त्यांनी प्रश्न मलाच विचारले. घर कितव्या मजल्यावर, दिवसभर घरी कोण, गावाला गेलात तर कोण बघणार, तुमचं वय काय. शेवटी म्हणाल्या, “काका, पिल्लू नका घेऊ. मोठं, शांत कुत्रं बघा.” राग आला होता तेव्हा. त्यांची तक्रार अशी की नोंदणी करणाऱ्याच्या दारात तपासणी येते, खर्च येतो, आणि न करणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. मग प्रामाणिक माणसाने नोंदणी कशासाठी करायची? ‘विकत घेऊच नका, दत्तक घ्या’ म्हणणाऱ्या तरुण मंडळींचं मन मला कळतं, ठकीही तशीच आली. पण लोक विकत घेणारच आहेत. तेव्हा त्यांनी या बाईंकडून घ्यावं, डिकीवाल्याकडून घेऊ नये, हा फरक करायला काहीतरी खूण हवी.

इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून ‘लूसीचा कायदा’ लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू तिथे मधल्या दलालाला विकता येत नाही; ते जिथे जन्मलं तिथून, आई समोर असताना घ्यायचं, नाहीतर प्राणी-आश्रयगृहातून. लूसी ही वेल्समधल्या पैदास-केंद्रातून २०१३ साली सुटलेली एक मादी. कायद्याला नाव मिळालं ते तिचं, ‘चॅम्पियन बापा’चं नव्हे.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. भाड्याच्या घराची, नोकरीची जाहिरात देताना आपल्या खिडकीवर ओळखपत्र मागतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पिल्लांच्या जाहिरातीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा: ‘राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक व मुदत’. आणि त्याखाली एक ओळ: ‘पिल्लं आईसोबत पाहता येतील – होय / नाही’. जाहिरातीचे पैसे आपण शब्दांवर घेता, हे दहा-बारा शब्द मोफत धरावेत. ज्याला रकाना भरता येणार नाही त्याची जाहिरात परत करावी, शेरा काय लिहायचा तो वर सांगितलाच आहे. काही उत्पन्न बुडेल. रविवारच्या नऊपैकी किती जाहिराती उरतील याचा माझा अंदाज आहे, तो इथे लिहीत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त आवक-जावक लिपिक

ता. क. ठकीच्या चिपचा पंधरा आकडी नंबर सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. छापू नये. कुणी आपली वही घेऊन ‘ही आमची’ म्हणत कार्यालयात आलं, तर तेवढा ताळा करून पाहावा आणि मला कळवावं.